चाक फिरते, पण पान का सरकत नाही?

शाळेच्या संगणक-कक्षात एक तक्रार हमखास ऐकू येते : "सर, या माऊसचे चाक चालत नाही." कधी चाक फिरवूनही पडद्यावरचे पान जागचे हलत नाही. कधी पान दोन ओळी खाली जाते आणि लगेच एक ओळ वर उडी मारते. कधी पान सरकण्याऐवजी अक्षरेच मोठी-लहान होऊ लागतात. मग काय होते? कोणी माऊस टेबलावर दोनदा आपटतो, कोणी चाकावर फुंकर मारतो, कोणी संगणक बंद करून पुन्हा चालू करतो. यांतून काहीच साधले नाही की माऊस कपाटात जातो आणि नव्याची मागणी होते.

दहा संगणकांच्या कक्षात तीन माऊस असे आजारी पडले, तर किती मुलांचा तास वाया जातो याचा हिशेब तुम्हीच करा. आणि खरी गंमत अशी, की अशा 'बिघडलेल्या' माऊसपैकी काही मुळीच बिघडलेले नसतात. दोष भलतीकडेच असतो. उरलेल्यांपैकी काहींना थोडी साफसफाई पुरते. पण कोणता माऊस कोणत्या प्रकारचा हे ओळखायचे कसे? त्यासाठी महागडी उपकरणे नकोत. चाकाच्या पोटात काय चालते याचे थोडे ज्ञान आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याची शिस्त, एवढे भांडवल पुरे आहे.

चाक आले कोठून?

माऊसचा जन्म अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत झाला. डग्लस एंगेलबार्ट यांची ती कल्पना, आणि १९६४ साली पहिला नमुना तयार केला तो त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी. तो चक्क लाकडी डबा होता! त्याच्या तळाशी एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके होती. एक चाक उभी हालचाल मोजी, दुसरे आडवी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्ट यांनी हे उपकरण लोकांसमोर चालवून दाखवले, आणि १९७० साली त्याचे पेटंट त्यांना मिळाले.

म्हणजे माऊसला चाके पहिल्यापासूनच होती, पण ती पोटाखाली. बोटाने फिरवायचे, पाठीवरचे चाक फार उशिरा आले. १९९६ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'इंटेलिमाऊस' बाजारात आणला आणि त्यानंतर पाठीवरचे चाक सर्वत्र रूढ झाले. त्यापूर्वी पान सरकवायचे तर पडद्याच्या कडेची पट्टी माऊसने पकडून ओढावी लागे. आज आपल्याला चाकाची इतकी सवय झाली आहे, की ते बंद पडले म्हणजे हात मोडल्यासारखे वाटते.

चाकाच्या पोटात

माऊसचे चाक हळूहळू फिरवून पाहा. बोटाला बारीक बारीक 'टक टक' जाणवते. आत खाचा असलेला एक भाग आणि त्यात अडकणारी एक स्प्रिंग असते, तिची ही करामत. चाकाच्या कडेला पेनने एक ठिपका द्या आणि तो पुन्हा समोर येईपर्यंत किती टक झाले ते मोजा. समजा २४ झाले, तर ३६० ला २४ ने भागून प्रत्येक टक १५ अंशांचा, हे उत्तर मिळेल. तुमच्या माऊसमध्ये हा आकडा थोडा वेगळाही येईल.

आता चाक फिरले ही बातमी विजेच्या भाषेत सांगायला कोणीतरी हवे. हे काम करणाऱ्या भागाला तंत्रज्ञ 'एन्कोडर' म्हणतात. तो दोन प्रकारचा असतो.

पहिला प्रकार स्पर्शाचा. चाकाचा आस षटकोनी असतो आणि तो नखाएवढ्या एका डबीतील षटकोनी भोकात बसतो. चाकाबरोबर डबीतील एक चकती फिरते. तिच्यावर धातूचे पट्टे आणि मोकळ्या जागा एकाआड एक असतात. लवचीक पत्र्याच्या बारीक पट्ट्या तिच्यावर घासत राहतात. पट्टी धातूवर आली की वीज वाहते, मोकळ्या जागेवर आली की थांबते. डबीतून तीन पाय बाहेर आलेले असतात : एक सामाईक आणि दोन बातमी सांगणारे.

दुसरा प्रकार प्रकाशाचा. यात चाकाला कंगव्यासारख्या फटी असतात. एका बाजूला डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश देणारा लहान दिवा, आणि दुसऱ्या बाजूला तो प्रकाश ओळखणारे दोन 'डोळे'. फट समोर आली की प्रकाश पोहोचतो, दांता समोर आला की अडतो.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. बातमी सांगणारे दोन आहेत, एक नाही. असे का बरे? एकाने भागले नसते का?

दिशा कशी कळते?

एकच साक्षीदार असता तर त्याने फक्त 'आहे, नाही, आहे, नाही' एवढेच सांगितले असते. त्यावरून चाक किती फिरले हे कळते. पण ते पुढे फिरले की मागे, हे कळत नाही. पान वर न्यायचे की खाली, हेच ठाऊक नसेल तर चाकाचा उपयोग काय?

म्हणून दोन साक्षीदार ठेवतात, पण ते अगदी एकाच वेळी बोलत नाहीत. एकाची वेळ दुसऱ्यापेक्षा थोडी पुढेमागे असते. कोण आधी बोलले यावरून दिशा कळते. हे नुसते वाचून सोडू नका. पुठ्ठ्याचा एक प्रयोग करून पाहा.

करून पाहा : पुठ्ठ्याचा एन्कोडर

साहित्य : कागद, पुठ्ठा, कात्री, कंपास, काळी शाई आणि एक टाचणी.

कागदावर १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून कापा. त्याची चार वेळा बरोबर मधोमध घडी घाला. घडी उलगडली की १६ सारखे भाग दिसतील. आता दोन भाग काळे, दोन पांढरे, पुन्हा दोन काळे, दोन पांढरे, असे रंगवा. ही झाली आपली चकती. तिच्यावर ठेवण्यासाठी तेवढाच मोठा पुठ्ठा घ्या आणि त्याला दोन लहान खिडक्या पाडा. या खिडक्या एकमेकींशेजारच्या दोन भागांच्या बरोबर मध्यावर याव्यात आणि प्रत्येकीतून एकच भाग दिसावा. मधोमध टाचणी टोचा. पुठ्ठा स्थिर धरा आणि खालची चकती फिरवा.

एका खिडकीसमोर एक मित्र बसवा, त्याला 'क' म्हणू. दुसरीसमोर 'ख'. खिडकीत काळे दिसले तर 'एक' म्हणायचे, पांढरे दिसले तर 'शून्य'. तिसऱ्याने वहीत लिहायचे. दोघेही 'एक' म्हणतील अशा जागी चकती आणून तेथून सुरुवात करा. चकती एका वेळी एकेक भाग पुढे सरकवा. वहीत अशा जोड्या मिळतील :

११, १०, ००, ०१, ११

आता चकती उलट फिरवा. जोड्या अशा येतील :

११, ०१, ००, १०, ११

(तुमच्या चकतीची 'पुढची' बाजू निराळी ठरली, तर या दोन रांगांची अदलाबदल होईल. त्याने काही बिघडत नाही.)

पाहा, अंक तेच आहेत, पण त्यांचा क्रम निराळा. ११ नंतर १० आले तर चाक पुढे, आणि ११ नंतर ०१ आले तर चाक मागे. माऊसमधली चिमुकली चिप नेमके हेच करते. आधीची जोडी आठवते, आताची पाहते, आणि पुढे एक किंवा मागे एक असे मोजते.

आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेस आली का? एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर जाताना दरवेळी एकच अंक बदलतो, दोन्ही कधीच एकदम बदलत नाहीत. अशा रचनेला 'ग्रे संकेत' म्हणतात. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे यांच्या नावावरून हे नाव पडले. त्यांना या पद्धतीचे पेटंट १९५३ साली मिळाले. दोन्ही अंक एकदम बदलले, म्हणजे ११ वरून थेट ०० आले, तर चिपला चटकन कळते की मधली एक पायरी चुकली. मात्र चाक पुढून गेले की मागून, हे तिला सांगता येत नाही.

धूळ काय करते?

आता या प्रयोगातच बिघाड करून पाहू. 'क'च्या खिडकीमागे काळा कागद चिकटवा. बिचारा 'क' आता सदैव 'एक' म्हणणार. चकती पहिल्यासारखीच पुढे फिरवा. वहीत काय येते?

११, १०, १०, ११, ११, १०, १०, ११

आता चिपच्या दृष्टीने वाचा. ११ वरून १० : पुढे एक. १० वरून १० : काही नाही. १० वरून ११ : मागे एक! म्हणजे आपण चाक सारखे पुढे फिरवतो आहोत, आणि चिप मात्र पुढे एक, मागे एक, असे मोजते आहे. बेरीज शून्य. पान जागच्या जागी थरथरते.

हेच ते चमत्कारिक लक्षण, ज्यामुळे माऊसमध्ये भूत शिरल्यासारखे वाटते. दोनपैकी एक साक्षीदार गप्प झाला किंवा एकच शब्द घोकू लागला की असे होते. प्रकाशाच्या प्रकारात केसाचा तुकडा किंवा कापसाचा तंतू फटीत अडकला तरी हे घडते. स्पर्शाच्या प्रकारात धातूवर मळ बसला, गंज चढला किंवा पट्ट्या झिजल्या की घडते. मळ थोडाच असेल तर साक्षीदार नेहमी नव्हे, अधूनमधून चुकतो. मग पान बहुतेक वेळा नीट सरकते आणि मधूनच उलटी उडी मारते.

स्पर्शाच्या एन्कोडरमध्ये आणखी एक खोड असते. धातूची पट्टी धातूवर टेकते तेव्हा ती एकदम शांत बसत नाही. जमिनीवर टाकलेला चेंडू जशा लहान लहान उड्या मारतो, तशी तीही काही सहस्रांश सेकंद थरथरते. तेवढ्यात स्पर्श अनेकदा जुळतो आणि तुटतो. चांगली चिप या थरथरीकडे दुर्लक्ष करते. पण पट्ट्या झिजून सैल झाल्या की थरथर वाढते, आणि चिपला एका टकाचे दोन-तीन टक झाल्यासारखे वाटू शकते.

चाकापासून पडद्यापर्यंत

माऊसमधील चिपने मोजणी केली म्हणजे काम संपले असे नाही. ही मोजणी वायरीतून किंवा रेडिओलहरींवरून संगणकाकडे जाते. तेथे कार्यप्रणाली, म्हणजे विंडोज, लिनक्स यांसारखी मुख्य आज्ञावली, ती स्वीकारते. मग ती बातमी एखाद्या प्रोग्रॅमच्या हाती दिली जाते. पान किती सरकवायचे हे शेवटी तो प्रोग्रॅम ठरवतो.

विंडोजमध्ये एका टकाला १२० हा आकडा मानलेला आहे. एकच का नाही? कारण अधिक बारीक चाके तयार झाली तर त्यांना टकाचा लहानसा अंशही सांगता यावा. १२० ला पुष्कळ संख्यांनी निःशेष भाग जातो, हे तुम्ही गणितात पाहिलेच असेल. विंडोजची मूळ मांडणी अशी असते, की एका टकाला तीन ओळी सरकतात. म्हणजे ६० ओळी सरकायला २० टक लागतील. २४ टकांच्या चाकाला ते ३०० अंश झाले, पूर्ण फेऱ्याला थोडे कमी. ही तीनची संख्या सेटिंग्जमध्ये बदलता येते. कोणी ती गमतीने एक केली तर चाक 'मंद' झाल्यासारखे वाटते, आणि वीस केली तर पान पिसाटासारखे धावते. माऊस मात्र दोन्ही वेळा ठणठणीतच असतो!

लिनक्सच्या जगात जुनी 'एक्स' पडदाप्रणाली चाकाकडे वेगळ्याच नजरेने पाहते. तिच्या लेखी चाक वर फिरवणे म्हणजे चौथे बटण दाबणे, आणि खाली फिरवणे म्हणजे पाचवे बटण दाबणे.

तर साखळी अशी आहे : बोट, चाक, एन्कोडर, चिप, वायर किंवा रेडिओ, संगणकाचे छिद्र, कार्यप्रणाली, प्रोग्रॅम, पडदा. यांतली कोणतीही कडी निखळली तरी आपल्याला दिसते ते एकच : पान सरकत नाही. वैद्य नुसत्या 'ताप आला' यावरून औषध देत नाही, तसेच आपणही एका लक्षणावरून घाई करू नये.

अदलाबदलीची परीक्षा

कडी शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे अदलाबदल. शेजारच्या संगणकाचा चांगला माऊस घ्या. आपला माऊस त्या संगणकाला लावा आणि तो माऊस आपल्या संगणकाला. चार शक्यता निघतात.

१. आपला माऊस तिकडेही चालत नाही, आणि तिकडचा माऊस आपल्याकडे चालतो. दोष माऊसमध्ये आहे.

२. आपला माऊस तिकडे नीट चालतो, पण तिकडचा माऊस आपल्याकडे चालत नाही. दोष आपल्या संगणकात किंवा त्याच्या सेटिंग्जमध्ये आहे. माऊस निर्दोष!

३. दोन्ही ठिकाणी दोन्ही चालतात. मग पहिली जोडणीच सैल असावी, किंवा बिनवायरी माऊसचा ग्राहक चुकीच्या जागी असावा.

४. दोन्ही ठिकाणी दोन्ही चालत नाहीत. दोन बिघाड एकदम होणे शक्य आहे, पण आधी दोन्हींत समान काय आहे ते पाहा. दोन्हीकडे तोच प्रोग्रॅम, तीच फाइल उघडली आहे का? जे पान पडद्यात पुरते मावले आहे, ते सरकणार तरी कोठे?

अदलाबदल करताना एक पथ्य पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परिणाम वहीत लिहा. माऊस बदलला, सेटिंगही बदलली, संगणकही पुन्हा सुरू केला आणि चाक चालू लागले, तर गुण कशाने आला? कोणालाच सांगता येणार नाही. प्रयोगशाळेत आपण तापमान बदलतो तेव्हा दाब स्थिर ठेवतो, ते याचसाठी.

लक्षणावरून तर्क

बाण पडद्यावर नीट हलतो, बटणेही चालतात, फक्त चाक चालत नाही : याचा अर्थ वीज पोहोचते, वायर शाबूत आहे आणि छिद्रही ठीक आहे. संशयित दोनच उरतात, चाकाचा एन्कोडर किंवा संगणकातील मांडणी. वेगवेगळ्या दोन-तीन प्रोग्रॅममध्ये चाक फिरवून पाहा. एकात चालते आणि दुसऱ्यात नाही, तर माऊसचा काहीच दोष नाही. तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा.

पान सरकण्याऐवजी अक्षरे मोठी-लहान होतात : कीबोर्डावरची 'कंट्रोल' कळ दाबलेली राहिली आहे. कळ धरून चाक फिरवले तर पुष्कळ प्रोग्रॅममध्ये आकार बदलतो. कळ धुळीने किंवा सांडलेल्या चहाने चिकटली असेल, तर दोन-चार वेळा दाबून सोडा. पाहा, तक्रार चाकाची आणि रोग कीबोर्डाचा!

पान आपोआप सरकत राहते : चाक हे बटणही असते. ते दाबले गेले तर पुष्कळ प्रोग्रॅममध्ये एक लहान खूण उमटते, आणि माऊस हलवला तसे पान धावू लागते. पुन्हा एकदा दाबले की थांबते. खूण दिसत नसेल, तर कीबोर्डावरची बाणाची कळ अडकली आहे का ते पाहा.

पान उलट्या दिशेने सरकते : हा बहुधा मांडणीचा प्रश्न. २०११ साली ॲपल कंपनीने आपल्या 'लायन' या कार्यप्रणालीत सरकण्याची दिशा उलटी केली. कागद बोटाने ढकलावा तसे पान सरकावे, ही त्यामागची कल्पना. सेटिंग बदलली की दिशा पूर्ववत होते.

चाक फिरते पण टक जाणवत नाही : चाकावरचे रबर सैल होऊन नुसतेच घसरत असेल. बोटाखाली रबर फिरते आणि आस जागच्या जागी राहतो. सायकलची साखळी उतरावी, तसाच हा प्रकार.

बाण आणि चाक दोन्ही अडखळतात, आणि माऊस बिनवायरी आहे : आधी सेल पाहा. त्यानंतर ग्राहकाची जागा पाहा. असे बरेच माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात, आणि यूएसबी ३.० प्रकारच्या छिद्रातून व वायरीतून त्याच सुमारास रेडिओ-गोंगाट बाहेर पडू शकतो. इंटेल कंपनीने २०१२ साली एका तांत्रिक लेखात हे दाखवून दिले. अशा छिद्रांची आतली पट्टी बहुधा निळी असते. ग्राहक तेथून काढून दूरच्या छिद्रात लावा, किंवा लहान जोडवायर वापरून माऊसजवळ आणा.

जुन्या संगणकाला गोल, हिरव्या छिद्राचा माऊस असेल, तर आणखी एक मौज आहे. हा माऊस सुरुवातीला बिनचाकी असल्याप्रमाणेच वागतो आणि दरवेळी तीन बाइट पाठवतो. संगणक त्याला २००, १०० आणि ८० हे तीन वेग एकामागून एक ठरवून देतो. ही जणू दारावरची सांकेतिक टकटक! ती ऐकली की चाकवाला माऊस आपली ओळख सांगतो आणि चाकासाठी चौथा बाइट पाठवू लागतो. संगणक चालू असताना असा माऊस काढून पुन्हा लावला तर तो तीन बाइटांवर परत जातो, आणि संगणक मात्र चारांची वाट पाहत बसतो. मग चाक बंद पडते किंवा बाण सैरावैरा पळतो. म्हणून गोल छिद्राचा माऊस संगणक बंद करूनच काढावा आणि लावावा.

आणि हो, 'स्क्रोल लॉक' या कळीवर उगाच संशय घेऊ नका. तिचे नाव तसे असले, तरी तिचा संबंध एक्सेलसारख्या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये बाणांच्या कळींशी येतो. माऊसचे चाक ती अडवत नाही.

साफसफाई

परीक्षेअंती दोष माऊसमध्येच ठरला, तर शिक्षकांच्या देखरेखीखाली पुढील उपाय करा.

प्रथम वायर काढा किंवा सेल काढून ठेवा. माऊस उलटा धरा आणि चाक दोन्ही दिशांना फिरवीत कॅमेऱ्याच्या भिंगासाठी मिळणाऱ्या रबरी फुग्याने फटीत हवा मारा. तोंडाने फुंकू नका. फुंकरीबरोबर थुंकीचे बारीक कण आत जातात आणि मळात भर पडते. एवढ्यानेही पुष्कळदा काम भागते.

न भागल्यास माऊस उघडावा लागेल. स्क्रू बहुधा तळाच्या गुळगुळीत सरकपट्ट्यांखाली किंवा लेबलाखाली दडलेले असतात. हमीची मुदत चालू असेल तर उघडू नका. उघडल्यावर आधी ओळखा : फटींचे चाक आणि दिवा दिसतो, की षटकोनी भोकाची डबी? फटींचे चाक असेल तर मऊ कुंचल्याने केस व तंतू काढा. डबी असेल तर तिच्या सांध्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब टाका आणि चाक पन्नासेक वेळा दोन्हीकडे फिरवा. हे द्रव चटकन पेट घेते, म्हणून जवळ ज्योत नको आणि खिडक्या उघड्या हव्यात. पाणी, खोबरेल तेल, रॉकेल यांपैकी काहीही वापरू नका. द्रव पुरते उडून गेल्यावरच माऊस जोडा.

पट्ट्या नुसत्या मळल्या असतील तर माऊस पुन्हा बरीच सेवा देतो. पण त्या झिजल्या असतील, तर काही दिवसांनी दुखणे परत येते. धुण्याने मळ जातो, झिजलेला धातू परत येत नाही. अशा वेळी नवी डबी बसवता येते. तीन पाय डाखाने सोडवून तेवढ्याच उंचीची दुसरी डबी लावायची असते. डाखकाम येणाऱ्या माणसाला हे अवघड नाही.

आणि काहीच साधले नाही तर? तरीही माऊस कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. त्याच्या वायरीत तांबे असते, आत डाख आणि प्लॅस्टिक असते. भारतात ई-कचऱ्यासाठी २०२२ साली केलेले नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. शाळेतला असा कचरा एका खोक्यात साठवून नोंदणीकृत संस्थेकडे द्यावा. त्याआधी एखादा मेलेला माऊस विज्ञानाच्या तासासाठी जरूर मागून घ्या. त्याचे चाक, आस, डबी, चिप पुठ्ठ्यावर मांडून नावे लिहिली, तर प्रदर्शनासाठी एक सुरेख तक्ता तयार होईल.

विचार करा

पुठ्ठ्याच्या प्रयोगात दोन खिडक्या शेजारच्या भागांवर होत्या. त्या एकेका भागाऐवजी दोन भागांच्या अंतरावर ठेवल्या, तर वहीत कोणत्या जोड्या येतील? त्यांवरून दिशा सांगता येईल का? आणि खिडक्या पाच भागांच्या अंतरावर ठेवल्या तर? आधी कागदावर उत्तर काढा, मग नवा पुठ्ठा कापून पडताळा पाहा. दोन्ही उत्तरे जुळली, की माऊस घडवणाऱ्यांनी ते दोन साक्षीदार इतके मोजून-मापून का बसवले, हे तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही.